एक, दहा, अकरा, दोन

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ चुकीच्या क्रमात असतं, असं त्याचं ठाम मत होतं. योग्य गोष्ट योग्य गोष्टीच्या नंतर आली की निम्मं जग आपोआप सुधारेल, हे तो इतक्या गांभीर्याने सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण बसल्या जागी थोडं सरळ व्हावं असं वाटायचं. हे मत त्याने तीन नोकऱ्यांच्या मुलाखतींत मांडलं होतं. दोन ठिकाणी त्याला घेतलं नाही. तिसऱ्या ठिकाणी घेतलं, पण तिथे दुसरा कुणी अर्जच केला नव्हता. तिथे तो गेली अकरा वर्षं यंत्रांच्या माहितीची पानं लावत होता. कंपनी घरगुती श्वासयंत्रं बनवायची. ज्यांच्या छातीला स्वतःच्या बळावर हवा पुरत नाही त्यांच्या उशाशी ठेवायची, पांढऱ्या रंगाची, एखाद्या लहान कपाटाएवढी. यंत्रं बनवणारे तळमजल्यावर बसायचे, विकणारे दुसऱ्यावर, आणि ती कशी वापरायची हे सांगणारा तो एकटा मधल्या मजल्यावर, जिन्याच्या दाराशी. त्याला सगळे ‘पानवाले’ म्हणायचे. घरी आईने एकदा विचारलं होतं की तू तिथे नेमकं करतोस काय, तेव्हा तो म्हणाला होता, पानं मांडतो. आई म्हणाली, ते तर तू सहा वर्षांचा असल्यापासून जेवायच्या वेळी करतोयस, त्याला शिक्षण कशाला लागलं. आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्याला अजून सुचत होतं, म्हणजे सुचत नव्हतं.

त्या सकाळी बाईंनी त्याला बोलावलं. बाई म्हणजे विभागप्रमुख. वाईट बातमी सांगताना त्या चष्मा काढून ठेवायच्या, समोरच्याचा चेहरा धूसर दिसावा म्हणून. चष्मा टेबलावर होता. शेजारी कंपनीचा वकील बसला होता, मऊ आवाजाचा, हातातल्या पेनाचं टोपण सारखं लावून बघणारा. बाईंनी एक कागद पुढे सरकवला. कुणा ग्राहक बाईचं पत्र होतं, चार ओळींचं. ‘तुमच्या संकेतस्थळावर पानांचा क्रम चुकला आहे. पेटी उघडण्याच्या पानानंतर लगेच यंत्र कायमचे बंद करण्याचे पान येते. माझे वडील गेले. कृपया दखल घ्यावी.’ खाली फोन नंबर. त्याने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना, त्याला स्वतःलाच पुढे दिवसभर लाज वाटत राहील असं, त्याला वाटलं की पत्रातली वाक्यरचना नेटकी आहे. दुसऱ्यांदा वाचताना दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मधली जागा दिसली. तिथे एक ‘म्हणून’ असू शकत होतं. नसूही शकत होतं. तिसऱ्यांदा वाचताना त्याला तो ‘म्हणून’ स्पष्ट दिसला, कागदावर नसलेला.

चूक काय झाली ते त्याला खुर्चीवरून उठण्याआधीच कळलं होतं. ती फार साधी होती. संकेतस्थळ म्हणजे शेवटी पानांची थप्पी. प्रत्येक पानाच्या नावाआधी त्याने आकडा घातलेला असायचा: १ पेटी उघडणे, २ जोडणी, ३ पाणी भरणे, ४ नळी लावणे, असं नऊपर्यंत. संकेतस्थळ त्या नावांकडे बघून पानं ओळीने लावायचं आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी ‘पुढचे पान’ हे बटण चिकटवायचं. अकरा वर्षं नऊच पानं होती. तीन आठवड्यांपूर्वी याच वकिलाने सांगितलं की यंत्र निकामी झाल्यावर ग्राहकाने काय करायचं हेही लिहिलेलं असायला हवं, उद्या कुणी विचारलं तर. त्याने दोन पानं लिहिली. १० यंत्र कायमचे बंद करणे, ११ विल्हेवाट. पण संकेतस्थळाला मोजता येत नाही. ते आकडे शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावतं, पहिलं अक्षर बघून. एकापुढे शून्य असलेला दहा हा त्याच्या दृष्टीने एकच्या घरातला. दोनच्या आधी त्याचा मान. म्हणून एक, दहा, अकरा, दोन. उपायही पहिल्या दिवसापासून माहीत होता: एकेरी आकड्याच्या डावीकडे शून्य लावायचं. शून्य एक, शून्य दोन. नव्या माणसांसाठी जी नियमावली त्यानेच लिहिली होती, तिच्यात हा नियम चौथा होता. नवं माणूस कधी आलं नाही. आणि त्याने स्वतः तेव्हा म्हटलं होतं, दहावं पान येईल तेव्हा बघू. त्याच्या स्वतःच्या संगणकाला मात्र मोजता येत होतं. तिथे ती अकरा पानं शहाण्या मुलांसारखी ओळीत उभी दिसायची, आणि तीन आठवडे तो ती तिथेच बघत होता. प्रत्यक्ष संकेतस्थळ वाचक म्हणून उघडून बघण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याच्या घरात श्वास सगळ्यांचे ठीक होते. घरात तो एकटाच होता.

दोन मिनिटांचं काम आहे, लावतो शून्यं, असं तो म्हणाला. वकिलाने टोपण लावलं. म्हणाला, सध्या हात लावू नका. का, असं त्याने विचारलं, तर वकील अतिशय हळुवारपणे म्हणाला, ‘‘दुरुस्ती म्हणजे कबुली. आज क्रम बदलला तर कालचा चुकीचा होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. आधी त्यांचं म्हणणं काय आहे ते पुरतं कळू दे.’’ त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंना तो धूसर दिसत होता. तोवर कुणी ते पान वाचलं तर, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, ‘‘अहो पानवाले, माहितीची पानं वाचतं कोण?’’ हे त्या धीर द्यायला म्हणाल्या होत्या. अकरा वर्षांत त्याच्या कामाबद्दल त्यांनी काढलेलं ते सर्वांत प्रेमळ वाक्य होतं. पत्र लिहिणाऱ्या बाईंशी आपण होऊन बोलू नका, असंही वकिलाने जाता जाता सांगितलं.

जागेवर येऊन त्याने कोण वाचतं ते बघितलं. ते बघायची सोय होती, त्याने आजवर टाळलेली. गेल्या तीन आठवड्यांत पेटी उघडण्याचं पान तीनशे बारा जणांनी उघडलं होतं. त्यातल्या सत्तेचाळीस जणांनी ‘पुढचे पान’ दाबलं होतं. सत्तेचाळीस माणसं, समोर नवी पेटी, आत कुठेतरी कुणीतरी उशीला टेकून बसलेलं, खांदे वर चढवून हवा ओढणारं, आणि या माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवून बटण दाबलं होतं. आणि त्याने त्यांना सांगितलं होतं की मागचं झाकण उघडा, आतली गाळणी काढून टाका, नळी मधोमध कापा म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही. हे शेवटचं वाक्य त्याला लिहिताना आवडलं होतं. त्यात कारण दिलेलं होतं. कारण दिलं की माणसं ऐकतात, हा नियमावलीतला सातवा नियम. तो आकडा बघत बसला. जेवायची सुट्टी झाली, जिन्यावरून लोक खाली गेले, वर आले, कुणीतरी काय पानवाले, आज उपास का, असं विचारून उत्तर न ऐकता पुढे गेलं. त्याच्या बोटांखाली नऊ नावं होती आणि शून्याची कळ होती. कापलेल्या नळीचं टोक त्याला सारखं दिसत होतं, स्वच्छ, गोल. त्याचे वडील, अण्णा, आकड्यांचे मास्तर होते. फळ्यावर खडूने भलंमोठं शून्य काढून ते विचारायचे, हे कुठे लावू? उजवीकडे लावलं की दसपट, डावीकडे लावलं की काडीची किंमत नाही. वर्ग हसायचा. एकदा इतर मुलांदेखत त्याला उभं करून म्हणाले होते की आमचे चिरंजीव म्हणजे डावीकडचं शून्य. आहेत, पण असून फरक पडत नाही. ताई तेव्हा त्याच शाळेत, दोन वर्गांनी पुढे होती. घरी जाताना ती म्हणाली होती, डावीकडे तर डावीकडे, पहिला तरी आहेस. तिचं हे वाक्य त्याला तीस-पस्तीस वर्षं पुरलं होतं. मग त्याने ते संपवलं.

वडील गेले ते खुर्चीत, सकाळी, वर्तमानपत्राचं आतलं पान उघडून. त्याने हाक मारली, मग खांद्याला हात लावला, मग हात काढला. मग पुढे काय करायचं ते त्याला कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच पुढचं पान नव्हतं. लोकांना कळवायचं असतं एवढं आठवलं. त्याने फोन उघडला, अक्षरांच्या क्रमाने लावलेली नावांची यादी होती, आणि यादी दिसली म्हणजे ती वरून सुरू करायची असते. आत्या. आत्या रडली. मग इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मग पंख्याचं उद्याचं पुढे ढकलू या ना. मग ऑफिस. मग काका. मग गॅसवाला, त्याने फार वाईट झालं असं म्हटलं आणि नंबर कुठला ते विचारलं. घरमालक. चष्म्याचं दुकान, तिथे वडिलांची नवी काच तयार होऊन पडली होती. डॉक्टर, दातांचे. प्रत्येकाला तो तेच वाक्य त्याच आवाजात सांगत होता, आणि सांगता सांगता त्याला बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. काम पुढे सरकत होतं. डॉक्टरांच्या खाली ताई होती. तिचा फोन लागेना. एंगेज. आत्या तिला विचारत होती, कसं गं असं एकाएकी झालं, आणि ताई आत्याला विचारत होती, काय झालं? चाळीस मिनिटं गेली होती. तिच्या गावाहून इकडे येणारी गाडी दिवसातून एकदाच असायची, आणि ती वीस मिनिटांपूर्वी सुटली होती. ताई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. खुर्ची पुसून भिंतीला लावलेली होती. तिने जिन्यातच सगळं ऐकून घेतलं, फक्त कुठल्या क्रमाने फोन केलेस ते विचारलं, आणि त्याने ते सांगितलं, कारण त्याला क्रम पाठ होता. दातांचे डॉक्टर, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग चप्पल काढताना वाकलेली असतानाच म्हणाली, ‘‘मी ताईऐवजी अक्का असते, तर मला चेहरा दिसला असता.’’ तेव्हा त्याला ती थट्टा वाटली होती आणि तो किंचित हसलासुद्धा होता. ती सरळ झाली तेव्हा तो हसत होता. पुढच्या सहा वर्षांत ती त्याच्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही. वाढदिवसाला फोन करायची, तब्येत विचारायची, एखाद्या बऱ्या शेजारणीसारखी. फोनमधलं तिचं नाव बदलून अक्का करावं असं त्याच्या एकदा मनात आलं होतं. पण तिला अक्का कधीच कुणी म्हटलं नव्हतं. नोंद खोटी झाली असती.

तीन वाजून गेल्यावर सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले. त्याच्या डोळ्यांदेखत झाले. कुठेतरी, आत्ता, कुणीतरी बटण दाबलं. तो उठला, जिन्यात गेला, दोन मजल्यांच्या मधे जिथे खिडकीपाशी कुणी थांबत नाही तिथे थांबला आणि त्याने पत्राखालचा नंबर लावला. तो पाठ झाला होता. काय बोलायचं त्याची मांडणी त्याने मनात केली होती: आधी नाव सांगायचं, मग दुःख व्यक्त करायचं, मग माफी, मग प्रश्न. पलीकडून आवाज आला, बाईचा, शांत, थोडा बसलेला. तो म्हणाला, मी श्वासयंत्राच्या कंपनीतून बोलतोय. आणि मग त्याच्या तोंडून थेट निघालं, ‘‘यंत्र तुम्ही सुरू कधी केलं?’’



‘‘तुम्ही आधी तेच विचारणार,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आमच्या घरी भेटायला येणारेसुद्धा आधी वय विचारतात.’’

त्याने माफी मागितली. आता तीही चुकीच्या जागी पडली. बाई म्हणाल्या की यंत्र सुरू केलंच नाही. वडील मंगळवारी गेले, पेटी गुरुवारी आली. आणणाऱ्या माणसाने सही घेतली, नीट वाचून लावा म्हणाला, आणि पेटी परत घेऊन जा म्हणायला बाईंना सुचलं नाही. पेटीवर लिहिलं होतं, आधी संकेतस्थळ वाचा. घरात माणसं होती, प्रत्येक जण काहीतरी बोलत होता, तेव्हा कोपऱ्यात बसून वाचायला काहीतरी मिळालं म्हणून त्यांनी वाचलं. ‘‘मी सांगितल्याबरहुकूम करणारी आहे हो. पहिलं पान वाचलं, पेटी कशी उघडायची. खाली पुढचे पान दाबलं, तर एकदम कायमचे बंद करणे. त्याच्या पुढे विल्हेवाट. मी म्हटलं, यांना कुणी सांगितलं?’’ त्या थांबल्या. ‘‘आमच्यापुरता क्रम बरोबर होता तुमचा. मधलं काही करावंच लागलं नाही.’’

खिडकीच्या काचेवर त्याच्या श्वासाचा एक गोल उमटला होता. तो लहान होत होता. त्याने विचारलं, मग चुकला असं का लिहिलंत?

‘‘दुसऱ्या कुणाच्या घरी बरोबर नसेल ना,’’ बाई म्हणाल्या, जसं काही हे त्याने विचारायलाच नको होतं. मग त्या म्हणाल्या की पेटी अजून तशीच दाराशी आहे, येणारा प्रत्येक जण तिला अडखळतो, आणि ती परत कशी पाठवायची ते कुठल्याच पानावर नाही, अकराही वाचली. त्याने, ते पान लिहायचं राहिलं आहे, असं सांगितलं. हरकत नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच फोन ठेवला.

त्याला सुटल्यासारखं वाटलं. मंगळवार. मंगळवार गुरुवारच्या आधी येतो. एक माणूस योग्य दिवशी मेला होता आणि ते मरण याच्या नावावर नव्हतं. जिन्याच्या कठड्याला धरून उभा असताना हा आनंद त्याला दोन-तीन श्वास पुरला, आणि त्याच्या तोंडाची चव बदलली. इतक्या स्वच्छपणे कुणाच्या मरणाबद्दल खूश होण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. मग अठ्ठेचाळीस आठवले. त्यांचे वार त्याला माहीत नव्हते, आणि ते कळायची काही सोय नव्हती. गाळणी काढून टाकलेला माणूस पत्र लिहीतच असेल असं नाही. तो जागेवर गेला आणि त्याने नऊ शून्यं लावली. एक एक करून, डावीकडे. दोन मिनिटं म्हणाला होता तो, प्रत्यक्षात सव्वा लागलं. संकेतस्थळाने पानं पुन्हा लावली: पेटी उघडणे, जोडणी, पाणी भरणे, नळी लावणे. त्याने वाचक म्हणून एकेक उघडून शेवटपर्यंत ‘पुढचे पान’ दाबत नेलं. मग विभागप्रमुख बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं की मी क्रम बदलला, आणि फोनही केला. बाईंनी चष्मा काढायला हात वर नेला आणि तिथेच ठेवला. पेटी फोडलीच नव्हती हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, मग झालंच की. वकिलाला त्यांनी लगेच कळवलं. वकिलाचं उत्तर आलं की तसं असेल तर क्रम पूर्वीसारखा ठेवला तरी चालेल. ते उत्तर त्यांनी त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, हे गमतीत म्हणाला असेल का हो? अठ्ठेचाळीस जणांना कळवायला हवं, असं तो म्हणाला. त्या म्हणाल्या, बघू. हा शब्द त्याच्या ओळखीचा होता.

संध्याकाळी तो चालत निघाला. दुकानांच्या पाट्या, दिव्याचे खांब, दारांवरचे आकडे, रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम, सगळं कुणीतरी आधीच लावून ठेवलेलं. सिग्नलपाशी थांबल्यावर त्याने फोन काढला. यादी वरून बघितली नाही. नंबर आकड्यांनी दाबला, तो त्याला पाठ होता. सहा वर्षांपूर्वीही होता.

‘‘काय झालं? कोण गेलं?’’ ताईने विचारलं.

कुणी नाही, तो म्हणाला. मग, असं ती म्हणाली. सहज, असं तो म्हणाला.  मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्याला तिला सांगायचं होतं की डावीकडच्या शून्याचा आज उपयोग झाला, अण्णांना सांगायला हवं होतं, पण हे सांगायच्या आधी पेटीचं सांगावं लागलं असतं, आणि पेटीच्या आधी त्या बाईंचं, आणि त्यांच्या वडिलांचं, आणि मंगळवारचं; आणि सुरुवात कुठून करायची ते ठरेपर्यंत सिग्नल एकदा सुटून पुन्हा लागला.

‘‘आज मी कितवी?’’ ताईने विचारलं.

‘‘पहिली.’’

‘‘बाकीचे कुणी उचलत नाहीत वाटतं,’’ ती म्हणाली, आणि त्याला वाटलं की ती हसली. किंवा तिने फुंकर मारली, गॅसवरच्या कशावर तरी. उतू जातंय, नंतर करते, असं म्हणून तिने ठेवला.

तो पदपथाच्या कडेला उभा राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते. त्याने यादी उघडली, डॉक्टर, दातांचे, यांच्या खाली ताई होती. त्याने ती नोंद उघडली आणि नावाच्या डावीकडे शून्य लावलं. नाव खोटं झालं नाही. कुणी वाचलं तरी ताईच वाचणार. डावीकडचं शून्य, काडीची किंमत नसलेलं, फक्त पुढे उभं करणारं. त्याने नोंद साठवली आणि यादीच्या माथ्यावर गेला. तिथे आत्या होती.

त्याच्या फोनमध्ये आकड्याने सुरू होणारी नावं सगळी अक्षरं संपल्यावर येतात. ‘०ताई’ सर्वांत शेवटी होती, हार्डवेअरच्या दुकानाखाली.